सुई सुटली, पण घरात सांगायचं कसं?

प्रश्न : आठ महिन्यांपासून ओएसटी केंद्रावर (नशेच्या जागी पर्यायी औषध देणारं केंद्र) जिभेखाली ठेवायची गोळी घेतो, नशेची सुई सुटली आहे. दोन महिन्यांपूर्वी एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालो, एआरटी (एचआयव्हीवरची रोजची औषधं) सुरू झाली. बायकोला ब्राऊन शुगरचं ठाऊक आहे, एचआयव्हीचं नाही. केंद्रातले लोक तिला परस्पर सांगतील का? (वाचक, ठाणे जिल्हा)

उत्तर : तुम्हाला अंधारात ठेवून, नाही. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात, पण त्याला अटी आहेत : तिला लागण होण्याचा खराखुरा धोका हवा, तुम्ही स्वतः सांगावं म्हणून तुमचं समुपदेशन झालेलं हवं, तरीही तुम्ही सांगणार नाही अशी त्यांची खात्री हवी आणि ‘आता आम्ही सांगणार’ हे त्यांनी तुम्हाला आधी कळवलेलं हवं. शेजारी, मालक, सासरची मंडळी यांना तुमच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. मात्र लागण पुढे जाऊ नये म्हणून खबरदारी घेण्याचं बंधन हाच कायदा तुमच्यावरही घालतो.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. बायकोला लागण आधीच झालेली असू शकते, तेव्हा तिची तपासणी लांबवू नका. आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या सरकारी केंद्रात) ती मोफत होते. निगेटिव्ह आली तर शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन महिन्यांनी पुन्हा करायची. असा संबंध गेल्या ७२ तासांत आला असेल तर तिला लगेच डॉक्टरकडे न्या. लागण टाळणारी औषधं २८ दिवस घ्यावी लागतात, आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

लग्नाला वर्षं झाल्यावर अचानक कंडोम काढलात तर ‘आता मध्येच का?’ हे येणारच. ‘डॉक्टरांनी इन्फेक्शन सांगितलंय’ या थापेवर काही आठवडे निघतात, पुढे संशय दुसऱ्या बाईवर जातो आणि मग खरं सांगणं दुप्पट अवघड होतं. एआरटीच्या गोळ्या लपवण्याचंही तसंच. लेबल खरवडायचं, गोळ्या कागदात बांधून खिशात ठेवायच्या, पाहुणे आले की त्या दिवशीची चुकवायची. अशाने विषाणूचं प्रमाण खाली येत नाही आणि औषध निकामी होण्याची वेळ येते. आमच्या मते लवकर सांगण्याचं सगळ्यात रोकडं कारण हेच आहे.

सांगण्याची वेळ निवडा. टर्की चढलेली (नशा न मिळाल्याने अंग तुटत) असताना नको, गुंगीत नको. सकाळची ओएसटीची गोळी घेऊन अंग स्थिर झालं की सांगा. सासूबाई शेजारच्या खोलीत नसाव्यात. तीन वाक्यं पुरतात : ‘माझी तपासणी पॉझिटिव्ह आलीय. औषध सुरू आहे. तुझी या आठवड्यात करून घेऊ.’ सुई कुणाबरोबर, कुठे, हा इतिहास त्याच दिवशी उगाळू नका. घरी भडका उडेल असं वाटत असेल तर समुपदेशकाला ‘आम्ही दोघं येतो’ म्हणा आणि तिथेच बोला.

प्रश्न : नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, त्याची सुई बंद झाली. तो म्हणतो, ‘रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही, कंडोम कशाला?’ माझी तपासणी निगेटिव्ह आहे. वापरले तेव्हा दोनदा फाटलेही. (वाचक, पुणे)

उत्तर : त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. औषधं नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडण्याइतकाही राहिला नसेल, तर संभोगातून लागण होत नाही. पण तो रिपोर्ट तुम्ही स्वतः पाहा : तारीख कधीची, आकडा किती. एआरटी सुरू झाल्यावर पहिली व्हायरल लोड चाचणी साधारण सहा महिन्यांनी होते. ‘सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगलाय’ म्हणजे व्हायरल लोड कमी असं नव्हे. नशा पुन्हा सुरू झाली की गोळ्या चुकतात आणि जुन्या रिपोर्टचा भरवसा संपतो. शिवाय गुप्तरोग आणि नको असलेला गर्भ कंडोमच रोखतो.

फाटण्याचं कारण बहुधा कोरडेपणा. ब्राऊन शुगर असो वा ओएसटीचं औषध, वीर्यस्खलनाला उशीर होऊ शकतो. घर्षण लांबतं, कोरडं पडतं, रबर जातं. पाण्याचा बेस असलेलं वंगण (जेल) लावा आणि मध्ये पुन्हा लावा. खोबरेल किंवा व्हॅसलीन अजिबात नको, लेटेक्स त्याने मिनिटांत कमजोर होतं. कंडोमचं पाकीट मागच्या खिशात, उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. टोक चिमटून हवा काढायची, आणि ‘जास्त सुरक्षित’ म्हणून दोन चढवायचे नाहीत. ते एकमेकांवर घासून फाटतात. नशा पूर्ण सुटताना उलटं होतं, इच्छा अचानक परत येते आणि स्खलन फार लवकर होतं. त्या दिवसांत कंडोम उशाशीच हवेत, कपाटात नव्हे.

प्रश्न : आम्ही दोघंही सुई घेतो, पण फक्त एकमेकांची. मग कंडोम लागतो का? (वाचक, मुंबई)

उत्तर : लागतो, आणि सुयाही वेगळ्या लागतात. ‘फक्त एकमेकांची’ हे दोघांच्याही तपासण्या होईपर्यंत निव्वळ समजूत आहे. सहसा पुरुष आधी घेतो आणि मग त्याच सिरिंजने बाईला टोचतो. म्हणजे वापरलेली सुई दर वेळी तिच्याच वाट्याला. व्हायरल लोड न सापडण्याचा दिलासा संभोगापुरता आहे, सुईला तो लावू नका. नुसती सुई बदलूनही भागत नाही : चमचा, कापूस, पाणी सगळं वेगळं हवं, कारण हेपटायटिस सी त्यांतूनही जातो. दोघांनी एचआयव्हीबरोबर हेपटायटिस बी आणि सी तपासून घ्या. सीचा उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहे, बहुतेकांचा गोळ्यांवर १२ आठवड्यांत होतो. बीची लस मिळते. नशेमुळे पाळी चुकत असेल तर ‘दिवस राहणारच नाहीत’ असं धरून चालू नका. जवळचं केंद्र कुठे, हे १०९७ या मोफत क्रमांकावर सांगतात.