घरात तिघांना पित्ताशयाचे खडे, मग दुर्बिणीतून ऑपरेशन कुणाचं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ७४ वर्षांच्या, मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय आणि गेल्या महिन्यात पित्ताशयाला सूज येऊन त्या ॲडमिट होत्या. वहिनींना पाचवा महिना चालू आहे आणि पोटात पुन्हा पुन्हा कळा येतात. बाबांना काहीच त्रास नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले. घरच्यांचं म्हणणं, बाबा धडधाकट आहेत तोवर त्यांचं उरकून घ्या, बाकी दोघींचं टाळा. मी भूलतज्ज्ञ आहे आणि पित्ताशय काढायच्या या ऑपरेशनला बरीच वर्षं भूल देत आले आहे. माझं मत घरच्यांच्या अगदी उलट आहे.

बाबांचं आधी सांगते, ते सोपं आहे. मुकाट पडून असलेले खडे दरवर्षी शंभरातल्या साधारण एक-दोघांनाच त्रास देऊ लागतात. रिपोर्टमध्ये मोठा पॉलिप किंवा पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम असं काही लिहिलेलं नसेल, तर त्यांना ऑपरेशनची गरज नाही. कळ आली, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर मात्र लगेच दाखवायचं.

आता आई. ‘या वयात नको’ असं म्हणणाऱ्यांची काळजी मला कळते, पण थांबण्यातला धोका ते मोजत नाहीत. एकदा सुजलेलं पित्ताशय पुन्हा सुजू शकतं. मधुमेहात पुढचा झटका जास्त वाईट असू शकतो. दुखणं आणि ताप कमी जाणवतात आणि आत पित्ताशय सडायला लागलेलं असतं. नेदरलँड्समध्ये पित्ताशयाला तीव्र सूज आलेल्या, जोखमीच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला, त्याचे निकाल २०१८ मध्ये आले. अर्ध्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, अर्ध्यांना फक्त नळी घालून पित्त बाहेर काढलं. मोठी गुंतागुंत ऑपरेशनच्या गटात १२ टक्के, नळीच्या गटात ६५ टक्के. अत्यवस्थ रुग्ण त्यात नव्हते, हे लक्षात ठेवा. पण ‘म्हातारं माणूस, कमीत कमी करू’ हा विचार दरवेळी सुरक्षित नसतो, हे त्यातून नीट कळलं.

हृदयाचा प्रश्न मात्र खरा आहे. जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने, आणि टेबल डोक्याकडून वर उचलतात. त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि हृदयाला जास्त दाबाविरुद्ध काम करावं लागतं. गॅस भरताना पोटाचं आवरण ताणलं की कधी कधी नाडी पाहता पाहता ८० वरून ४० वर येते. मी ‘गॅस सोडा’ म्हणते, सर्जन तिथल्या तिथे गॅस सोडतात, नाडी परत चढते. लागलं तर ॲट्रोपिन हे नाडी वाढवणारं औषध देते, आणि मग कमी दाबाने, सावकाश पुन्हा भरतात. आईंसाठी हे आधीच ठरवता येतं, म्हणून इको आणि हृदयाच्या डॉक्टरांचं मत आधी हवं. एवढं सांभाळलं की छोट्या छेदांचा फायदा वयस्कांनाच जास्त होतो: श्वास मोकळा घेता येतो, त्याच दिवशी उठून चालता येतं, छातीत कफ साठत नाही.

आईंच्या गोळ्यांची यादी आजच काढा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करावी लागते. नाहीतर शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. हे सांगायचं फार वेळा राहून जातं. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल सहसा पाच दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. पण स्टेंट आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. वयस्कांमध्ये मुख्य पित्तनलिकेतही खडा असण्याची शक्यता जास्त असते. लिव्हरच्या तपासणीत शंका आली तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करतात, आणि नलिकेत खडा निघाला तर बहुतेक वेळा आधी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, तो काढतात.

वहिनींची वेळ उलट चांगली आहे. चौथा ते सहावा महिना या ऑपरेशनला सर्वांत सोयीचा. नंतरही करता येतं, पण गर्भाशय वाढल्यामुळे जागा अपुरी पडते. पाचव्या महिन्यात गर्भाशय बेंबीपर्यंत आलेलं असतं, म्हणून पहिला छेद वर घेतात किंवा डोळ्यांनी बघत छोट्या छेदातून दुर्बिणीची नळी सरकवतात. वहिनींना डाव्या कुशीकडे थोडं कलतं ठेवतात, म्हणजे मोठ्या शिरेवर दाब येत नाही. बाळाचे ठोके आधी आणि नंतर तपासतात. वारंवार कळा सोसत राहिल्या आणि एखादा खडा घसरून स्वादुपिंडाला सूज आली, तर बाळाला त्याचा धोका ऑपरेशनपेक्षा जास्त.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी सिरॉसिसचा (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याचा) रुग्ण असेल, तर लिव्हरचं काम बरं आहे तोवर दुर्बिणीतून करता येतं. चाइल्ड-प्यू सी गटात, म्हणजे लिव्हर फारच बिघडलेलं असेल तर, मात्र शक्यतो टाळतात. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना बऱ्याचदा आधी रक्त देऊन हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणतात, आणि थंडी व पाण्याची कमतरता कटाक्षाने टाळतात.

सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: आत फार चिकटलेलं निघालं तर काय कराल? चांगला सर्जन क्लिप लावण्याआधी थांबतो. आजूबाजूची चरबी सोडवून, पित्ताशयाचा खालचा भाग लिव्हरपासून मोकळा करून, पित्ताशयात फक्त दोनच रचना जाताना दिसल्या, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, तरच कापतो. स्ट्रासबर्ग या सर्जननी १९९५ मध्ये ही पद्धत नीट मांडली, मुख्य पित्तनलिका चुकून कापली जाऊ नये म्हणून. हे दृश्य मिळालंच नाही तर पित्ताशयाचा थोडा भाग तसाच ठेवतात, किंवा पोट उघडतात. आईंच्या बाबतीत ही शक्यता जास्त आहे, म्हणून संमतीपत्रावर सही करताना घरच्यांना ती माहीत असू दे. तसं झालं तर सर्जनवर रागावू नका.

घरी आल्यावर खांदा एक-दोन दिवस दुखेल, ते गॅसमुळे, त्याला घाबरू नका. पोटाचं दुखणं मात्र रोज कमी व्हायला हवं. ते वाढलं, ताप आला, डोळे पिवळे झाले, तर टाके काढायच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. आईंना ताप कदाचित येणारही नाही. त्या नुसत्या मलूल झाल्या, जेवेनाशा झाल्या किंवा असंबद्ध बोलू लागल्या, तरी तेवढ्यावरच त्यांना घेऊन निघा.