हळदीच्या पाकिटावर टर्मरिक छापावं की ट्यूमरिक?

'टी-यू-आर-एम-ई-आर-आय-सी' हेच बरोबर, म्हणजे 'यू'नंतरचा 'आर' पाकिटावर हवाच. अमेरिकेत बरेच जण बोलताना तो 'आर' गाळून 'ट्यूमरिक' म्हणतात आणि तो उच्चार तिथल्या कोशांतही आहे, पण त्याबरहुकूम केलेलं स्पेलिंग चूकच धरलं जातं. सांगली मार्केट यार्डाबाहेर जाणाऱ्या, त्यातून निर्यातीच्या मालावर तर ते नकोच.

शब्द हळदीसारखा इथला वाटत असला तरी तो इथून गेलेला नाही. मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'टेरा मेरिटा' म्हणजे 'गुणी माती' या नावावरून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, असं बहुतेक कोश सांगतात. दळलेली हळद मातीच्या रंगांसारखी दिसते म्हणून हे नाव पडलं असावं. मात्र ही व्युत्पत्ती पक्की नाही, कोशकारही 'बहुधा' म्हणूनच थांबतात. (सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं असतात, त्यांतली माती इथे आणू नका, तिचा काही संबंध नाही!) शास्त्रीय नावातलं 'कुर्कुमा' मात्र अरबी 'कुर्कुम'वरून आलंय आणि त्याचा मूळ अर्थ केशर. हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचं 'कर्क्युमिन' हे नाव त्याचंच पिल्लू.

अर्थाचं म्हणाल तर रोप, कंद आणि पूड या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द. त्यामुळे पाकिटात काय आहे ते वेगळं लिहा:

- हळकुंड असेल तर 'टर्मरिक फिंगर'
- दळलेली असेल तर 'टर्मरिक पावडर'

'सांगली' हे नाव पुढे जोडणार असाल, तर सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याचे नियम आधी पाहून घ्या.