खून कुठे गेला?

दादर, मुंबई

प्रिय मुली,
आशीर्वाद.

मी वाचायला दिलेल्या ‘द संडे फिलॉसॉफी क्लब’ या कादंबरीवरचा तुझा मेसेज वाचून हसू आलं. ‘सर, शंभर पानं झाली, ही बाई अजून कॉफीच पितेय. खून कुठे गेला?’ फोनच केला असता, पण तू गाडीत असणार आणि कल्याणपर्यंत अर्धं बोलणं ऐकूच येणार नाही. म्हणून लिहितोय.

तू बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलीस. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांना कुणी नावं ठेवली तर मी अजूनही भांडेन. पान उलटायला लावणं ही साधी गोष्ट नाही आणि तुला स्वतःला रहस्यकथा लिहायच्या आहेत, म्हणजे ते कसब लागणारच. पण त्या मापाने या कादंबरीचे लेखक अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांची नायिका इसाबेल डलहौसी मोजायला बसलीस तर हाती काही लागणार नाही.

‘द संडे फिलॉसॉफी क्लब’ (२००४) हे इसाबेलच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक. त्याची सुरुवात पुन्हा वाच. स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या अशर हॉलमधली मैफल संपते आणि सर्वांत वरच्या गॅलरीतून एक तरुण खाली कोसळतो. पडता पडता त्याचा चेहरा इसाबेलला क्षणभर दिसतो. ती ना पोलीस, ना त्याच्या नात्यागोत्यातली. उपयोजित नीतिशास्त्राच्या, म्हणजे प्रत्यक्ष जगण्यातलं योग्य-अयोग्य तपासणाऱ्या शास्त्राच्या, एका नियतकालिकाची ती संपादक. ‘तुझा काय संबंध?’ असं तिला जो तो सुनावतो. तिचं म्हणणं एवढंच, की त्याने शेवटचा चेहरा पाहिला तो बहुधा माझा, मग मी त्याची कुणीच नाही असं कसं म्हणू? नैतिक जवळीक म्हणतात ती हीच. त्याला कुणी ढकललं का, हे पुस्तकातलं दुसऱ्या नंबरचं रहस्य आहे. पहिलं रहस्य म्हणजे, त्याच्याशी माझं देणंघेणं कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं?

आता हे आपल्याकडे आणून बघ. सकाळच्या लेडीज डब्यात कुणाला घेरी आली तर काय होतं हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस. पाण्याची बाटली निघते, चौथ्या सीटवरची उठून जागा देते, कुणी पर्समधली गोळी काढते. मग घाटकोपर येतं आणि तिला उतरवायची वेळ येते. तिच्यासोबत कोण उतरणार? लेटमार्क कोण घेणार? अंगाला अंग लागलेलं असतं म्हणून जवळीक होते का? जिने बाटली दिली तिच्यावर, जिने मान वळवली तिच्यापेक्षा जास्त जबाबदारी येते का? कायदा इथे फारसा कामाला येत नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसांचा आणि कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४ए हे कलम आलं. चांगलं झालं. पण ते थांबणाऱ्याला वाचवतं, थांबच असं कुणाला सांगत नाही. मॅकॉल स्मिथ स्वतः एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय कायद्याचे प्राध्यापक होते. कायदा जिथे हात टेकतो तिथूनच या बाईचं काम सुरू होतं, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

तेव्हा भरभर वाचू नकोस. ती विचारात भरकटली की तू पानं चाळतेस, हो ना? नेमकं तिथेच थांबायचं. भाचीचा मित्र काहीतरी लपवतोय असं तिच्या लक्षात येतं. भाचीला सांगावं का? आणि सांगताना आपल्या मनात काळजीच आहे, की थोडा मत्सरही आहे? तिथे पुस्तक मिटून तुझं उत्तर दोन ओळींत लिही आणि मगच पुढे जा. दारात मारेकरी उभा राहून विचारत असला तरी खोटं बोलू नये, असं जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ मध्ये लिहिलं. आपल्याकडे धर्मराज ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणाला आणि त्याचा रथ जमिनीला टेकला. इसाबेलपुढे ना मारेकरी असतो, ना द्रोणाचार्य. तिच्यापुढचे पेच तुझ्या-माझ्या मापाचे असतात आणि म्हणूनच ते टाळता येत नाहीत.

सगळंच गोड मानून घे असं मात्र मी म्हणणार नाही. बाईंकडे वडिलोपार्जित पैसा आहे, मोठं घर आहे, घरकामाला ग्रेस नावाची बाई आहे, बागेत येणारा कोल्हासुद्धा आहे. एवढी फुरसत असली तर कुणीही तत्त्वज्ञ होईल, असं आमच्या सौ.चं मत आहे आणि ते खोडून काढणं मला जमलेलं नाही. शिवाय पहिल्या पुस्तकातला उलगडा जरा घाईत उरकलाय. इसाबेल पुष्कळदा सरळ चोंबडेपणा करते, पण हे लेखकाला पुरतं ठाऊक आहे आणि त्याची खरी गंमत त्यातच आहे. ज्या क्लबचं नाव पुस्तकाला दिलंय, त्याची बैठक कधी भरतच नाही!

तुझ्या लिखाणासाठी म्हणशील, तर तिची कॉफी आणि एडिंबरा तिथेच राहू दे. लालबागची एखादी जुनी इमारत घे. पुनर्विकासाच्या संमतीपत्रांचा गठ्ठा सोसायटीच्या चिटणीसबाईंच्या टेबलावर आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा हात थरथरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. सही मात्र ठसठशीत. बाईंना स्वतःलाही नवा फ्लॅट हवाच आहे. त्या गप्प बसल्या तर कुणाचंच बिघडत नाही, कदाचित आजोबांचंही नाही. आता चिटणीसबाईंना आजोबांकडे जिना चढायला लाव. एक थेंब रक्त न सांडता दोनशे पानं निघतील.

दुसरं पुस्तक, ‘फ्रेंड्स, लव्हर्स, चॉकलेट’, माझ्याकडे आहे. त्यात हृदयप्रत्यारोपण झालेल्या एका माणसाला एक अनोळखी चेहरा दिसू लागतो. पण ते आत्ता देणार नाही. आधी चिटणीसबाईंचं पहिलं प्रकरण लिहून आण, आणि त्यात सही कुणी केली ते सांगू नकोस. शनिवारी चारनंतर मी घरीच आहे.

तुझे,
सर