वाचकांचे प्रश्न: कॉन्टेक्स्ट चुकला की सेल्फ भलतीकडेच जातो

प्रश्न: लायब्ररी सिस्टिमचा क्लास डायग्राम काढतोय. एका सभासदाकडे एका वेळी जास्तीत जास्त 5 पुस्तकं, हा नियम ओसीएलमध्ये (ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट लँग्वेज, यूएमएल मॉडेलवरचे नियम लिहायची भाषा) लिहून पुस्तक या क्लासला नोट म्हणून जोडला: सेल्फ.घेतलेली->साइझ() <= 5. टूल म्हणतं असली प्रॉपर्टीच नाही. डायग्राममध्ये तर ती समोर दिसतेय, मग गडबड कुठे?

उत्तर: दिसतेय हो, पण 'घेतलेली' (सभासदाकडची पुस्तकं) ही प्रॉपर्टी सभासदाच्या बाजूने दिसतेय. सेल्फ म्हणजे कोण हे कॉन्टेक्स्टवरून, म्हणजे नियम कोणत्या क्लाससाठी लिहिलाय त्यावरून ठरतं, आणि नोट ज्या क्लासला जोडली तोच कॉन्टेक्स्ट धरला जातो, वेगळी कॉन्टेक्स्टची ओळ लिहिली नाही तरी चालतं. म्हणजे तुमच्या नोटमध्ये सेल्फ म्हणजे एक पुस्तक झालं आणि पुस्तकाला कुठून असणार 'घेतलेली'! नोट सभासदला जोडा, काम झालं. हाच नियम वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिणार असाल तर मात्र वर कॉन्टेक्स्ट सभासद इन्व्ह: अशी सुरुवात हवीच (इन्व्ह म्हणजे इन्व्हेरियंट, कायम खरा राहायला हवा तो नियम), कारण तिथे कशाला जोडलंय ते दाखवायला रेघ नसते.

आता कोणी म्हणेल की पुस्तकाच्या बाजूनेही लिहिता येईल, सेल्फ.सभासद.घेतलेली->साइझ() <= 5. येईल की, पण कपाटात पडलेल्या पुस्तकाला सभासदच नसतो (मल्टिप्लिसिटी 0..1 आहे ना, म्हणजे एका पुस्तकाला सभासद एक किंवा एकही नाही), तिथे ही वाट अर्ध्यातच तुटते, मग आधी सेल्फ.सभासद->नॉटएम्प्टी() इम्प्लाइज (सभासद असेल तरच पुढचं तपासा) असं शेपूट जोडायचं, आणि एवढं करून एकाच सभासदाची तपासणी त्याच्याकडच्या प्रत्येक पुस्तकामागे परत परत होणार. माझं मत विचाराल तर मर्यादा ज्याच्यावर आहे त्याच्याच क्लासमध्ये नियम ठेवावा, वाचणाऱ्यालाही तिथेच सापडतो.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीये पण पुढे अडणार आहात. उद्या विशेष सभासद नावाचा सबक्लास काढून त्याला 10 पुस्तकं द्याल आणि त्याच्यावर <= 10 असा वेगळा इन्व्ह लिहाल, त्याचा काही उपयोग नाही. पॅरेंट क्लासचे इन्व्हेरियंट सबक्लासला लागू राहतातच, दोन्ही एकत्र तपासले जातात, म्हणजे 5 चाच नियम जिंकतो. सबक्लासमध्ये नियम कडक करता येतो, सैल नाही करता येत. म्हणून आत्ताच सभासदमध्ये कोटा असा अ‍ॅट्रिब्यूट घ्या आणि सेल्फ.घेतलेली->साइझ() <= सेल्फ.कोटा लिहा.

प्रश्न: सेल्फ नाही लिहिलं तरी चालतं असं ऐकलं म्हणून सगळीकडून काढून टाकलं. सभासदाने स्वतःच्या पातळीच्या वरचं पुस्तक घेऊ नये असा नियम आहे: घेतलेली->फॉरऑल(पातळी <= पातळी). एरर येत नाही, पण चुकीचा डेटा टाकला तरी नियम काही मोडतच नाही.

उत्तर: कसा मोडेल, तुम्ही पुस्तकाची पातळी त्याच पुस्तकाच्या पातळीशी ताडून बघताय! संग्रहातल्या एकेका घटकावर फिरणाऱ्या फॉरऑल, सिलेक्ट, कलेक्ट असल्यांच्या कंसात शिरलात की नुसतं नाव आधी आतल्या घटकावर शोधलं जातं, तिथे सापडलं की बाहेर कोणी बघतच नाही. तुमच्याकडे दोन्ही क्लासमध्ये पातळी आहे, त्यामुळे सभासदाची झाकली गेली. असं लिहा: सेल्फ.घेतलेली->फॉरऑल(प | प.पातळी <= सेल्फ.पातळी). सेल्फ कंसातसुद्धा सभासदच राहतो, तो काही पुस्तक होत नाही. सेल्फ गाळायची मुभा आहे हे खरं, पण दोन अक्षरं वाचवायला असली चूक पदरात घेऊ नका, टूल याबद्दल चकार शब्द काढत नाही.

प्रश्न: प्री (ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी खरी हवी ती अट) मध्ये @प्री का चालत नाही? नाव तर तेच आहे!

उत्तर: @प्री म्हणजे ऑपरेशन सुरू व्हायच्या आधीची किंमत, आणि प्री कंडिशन तपासतानाच आपण त्या क्षणी उभे असतो, मग त्याच्या आधीचं काय मागणार? ते फक्त पोस्टमध्ये, म्हणजे ऑपरेशन संपल्यावर खरी हवी त्या अटीत चालतं, रिझल्टचंही (ऑपरेशनने परत दिलेली किंमत) तेच. आणि इथे कॉन्टेक्स्टमध्ये नुसता क्लास देऊन भागत नाही, ऑपरेशन पूर्ण सिग्नेचरसकट (नाव, पॅरामीटर आणि त्यांचे टाइप) लागतं: कॉन्टेक्स्ट सभासद::पुस्तकघ्या(प : पुस्तक), खाली प्री: सेल्फ.घेतलेली->साइझ() < सेल्फ.कोटा, मग पोस्ट: सेल्फ.घेतलेली = सेल्फ.घेतलेली@प्री->इन्क्लुडिंग(प). सेल्फ म्हणजे ज्याच्यावर ऑपरेशन बोलावलं तो सभासद. आणि पोस्टमधलं ते = बघून ओसीएल पुस्तक जोडून देतं असं समजू नका, ती फक्त तुलना आहे, ओसीएल मॉडेलमध्ये काही म्हणजे काही बदलत नाही, जोडायचं काम तुमच्या कोडचं.