अर्थशास्त्र: तुमचे प्रश्न, मॅडमची उत्तरं

प्रश्न: मॅडम, मी कागल तालुक्यातली, यंदाच अर्थशास्त्रात एमए झाले. पीएचडी करायचीय आणि 'कोल्हापूर जिल्ह्यातील गूळ उद्योगाचा आर्थिक अभ्यास' हा विषय डोक्यात आहे, कारण माझ्या मामाचं गुऱ्हाळ होतं ते बंद पडलं. पण एक सर म्हणाले गुळात काय ठेवलंय, एफडीआय (परदेशी गुंतवणूक) वगैरे घे, डेटा नेटवर आयता मिळतो. माझं सगळं शिक्षण मराठीतून, स्टॅटिस्टिक्स कच्चं. घरचे बीएड कर म्हणतात. काय करू?

उत्तर: गूळ सोडू नकोस बाळा. फक्त ते 'आर्थिक अभ्यास' काढून टाक, कारण त्यात प्रश्नच नाहीये. प्रश्न तुझ्या पत्रात आहे, मामाचं गुऱ्हाळ का बंद पडलं? आता बघ, कारखान्याच्या उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव आहे, २००९ च्या आधी त्याच्या जागी एसएमपी होती, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, वेळेवर मिळतात का ते तुझ्या घरी तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गुळाला असा खालून कसलाच आधार नाही, मार्केट यार्डात सौद्याला, म्हणजे लिलावात, जो निघेल तो भाव. तरी एकाच गावात एकाच बांधाला लागून दोन शेतकरी असतात, एकाचा ऊस कारखान्याला जातो आणि दुसरा गूळ पाडतो, असं का? कारखान्याच्या तोडीची पाळी लवकर येत नाही म्हणून? रान मोकळं करून दुसरं पीक घ्यायचंय म्हणून? का अडत्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलीय म्हणून? यातला एकच धागा घट्ट धरलास तरी पीएचडी होते.

गुळात काही नाही असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांग की पुण्यात १९३० मध्ये गोखले इन्स्टिट्यूट सुरू झाली तेव्हा अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी सुरुवातीच्या कामांत पुण्याच्या फळबाजाराची पाहणी केली होती. तेच गाडगीळ पुढे प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले चेअरमन झाले.

आयता डेटा वाईट असतो असं मी म्हणत नाही, सरकारच्या पीएलएफएस या रोजगार पाहणीचा घरटी डेटा फुकट मिळतो आणि तो वापरायला शिकायलाच पाहिजे. पण डेटा कसा गोळा होतो ते एकदा स्वतः केल्याशिवाय कळत नाही. मी पन्हाळ्याच्या बाजूला एका गुऱ्हाळावर फॉर्म घेऊन गेले होते, त्यात कॉलम होता 'गाळलेला ऊस, टनात'. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, काहिलीपाशी (रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी) उभा, पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी होते का बघत होता, मान वर न करताच म्हणाला, टन कुठला बाई, आज सात आधणं झाली. तो ऊस काट्यावर गेलेलाच नव्हता तर टन येणार कुठून! मग त्यांच्याबरोबर बसून एका आधणाला, म्हणजे काहिलीत एका वेळी उकळणाऱ्या रसाला, किती गाड्या ऊस लागतो आणि गुळाचे किती रवे (ढेपा) पडतात ते मोजलं, तेव्हा कुठे कॉलम भरता आला. तसंच 'गेल्या वर्षाचं उत्पन्न'. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावला की तुटायला १६ ते १८ महिने लागतात, म्हणजे एखाद्याच्या हातात त्या वर्षात एक पैसाही आलेला नसतो आणि आपण त्याला गरीब लिहून मोकळे होतो. मी तो अख्खा फॉर्म बदलला, उत्पन्न वर्षावर न विचारता पिकावर विचारलं. हे मराठीतूनच कळलं मला, त्यामुळे मराठी माध्यमाचं ओझं घेऊ नकोस, मात्र इंग्रजी पेपर रोज दोन पानं वाचत जा.

स्टॅटिस्टिक्सला मात्र पर्याय नाही. आर सॉफ्टवेअर फुकट आहे, मामाच्या गावातल्या वीस घरांचे आकडे घे आणि सरासरी-मध्यक यांपासून सुरू कर, स्वतःचे आकडे असले की रिग्रेशनसुद्धा (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत काढणं) परकं वाटत नाही.

घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही, ते ऐकून घे. २०२२ च्या यूजीसी नियमांत पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत, बाईला आणखी २ वर्षं सवलत मिळू शकते, आणि त्यानंतरही कितीतरी जण तासिका तत्त्वावरच शिकवतायत, हे मी रोज बघते. म्हणून आधी नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, दे. २०२४ पासून पीएचडीच्या प्रवेशालाही नेटचा स्कोअर चालतो, आणि त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७ हजार, मग घरी बोलणं सोपं जाईल. एका वर्षात नाही जमलं तर बीएड कर, गूळ कुठे पळून जात नाही.

प्रश्न: मी सीनियर कॉलेजला शिकवतो. मागणी-पुरवठा फळ्यावर काढला की पोरं झोपतात. काही उपाय?

उत्तर: सर, पोरांना सकाळी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला घेऊन जा. तीस किलोचा रवा एकाच दिवशी वेगवेगळ्या दुकानांत वेगवेगळ्या भावाला का गेला हे त्यांनाच शोधू द्या, रंग बघा, कडकपणा बघा, त्या दिवशी आवक किती होती ते लिहून घ्या. असे दहा-बारा दिवसांचे आकडे जमले की मग फळ्यावर रेघ काढा. फक्त दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याचा भाव सरासरीत धरू नका, तो मानाचा असतो, चढाच निघतो.