गोळी, गर्भपात आणि ‘निसर्गही गर्भ टाकतो’ हा युक्तिवाद

‘गर्भनिरोधक गोळी म्हणजे दर महिन्याचा छुपा गर्भपात’ असे आपल्या कोथरूडच्या जाऊबाई म्हणाल्या, ‘निसर्ग तरी कुठे सगळे गर्भ टिकवतो?’ असे यजमानांनी त्यांना सुनावले, आणि आपले समाधान दोघांनीही केले नाही, असे आपण लिहिले आहे. पुण्यात कुटुंबनियोजनाच्या समुपदेशनात बरीच वर्षे गेल्यामुळे हे दोन्ही युक्तिवाद माझ्या परिचयाचे आहेत, आणि त्यांपैकी यजमानांचा मला अधिक कच्चा वाटतो.

त्यांची माहिती खरी आहे. विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मूल हवे असलेल्या स्त्रियांची लघवी रोज तपासली असता, रुजलेल्या गर्भांपैकी सुमारे ३१ टक्के गळून गेल्याचे आढळले. त्यांतले बहुतेक तर दिवस गेल्याचे कळण्याआधीच. तथापि म्हातारपणी माणसे मरतातच, म्हणून म्हाताऱ्याचा जीव घेणे क्षम्य ठरत नाही.

जाऊबाईंची चूक नीतीत नाही, शरीरशास्त्रात आहे. नेहमीची मिश्र संप्रेरकांची गोळी मुख्यतः स्त्रीबीज सुटूच देत नाही, शिवाय गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट करून शुक्रजंतूंची वाट अडवते. बीजच नसेल तर गर्भ कुठला? गर्भाशयाचे अस्तर पातळ होते हे खरे, पण तेवढ्यावरून फलित बीज रुजत नाही असे सिद्ध होत नाही. गोळ्या चुकल्यावर, म्हणजे पातळ अस्तरातही, दिवस गेलेल्या कितीतरी जणी माझ्यासमोर बसल्या आहेत.

कॅम्पातल्या माझ्या एका कॅथलिक सहकारी परिचारिकेने मला आणखी एक भेद शिकवला. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या परिपत्रकात कृत्रिम संततिनियमनच निषिद्ध ठरवले, ते समागम आणि प्रजनन यांची फारकत होते म्हणून. एकही फलित बीज नष्ट न होता तो आक्षेप उभा राहतो. त्याचे उत्तर शरीरशास्त्राने देता येत नाही, आणि तिला ते मी कधी दिलेही नाही.

संप्रेरके नकोत म्हणून ‘सहेली’ घ्यावी, असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये विकसित झालेली, सरकारी दवाखान्यांत ‘छाया’ नावाने मिळणारी ही आठवड्याची गोळी औषध म्हणून चांगली आहे; परंतु ती सहसा बीज सुटणे थांबवत नाही, तर अस्तर आणि फलित बीज यांचा मेळ बिघडवते. म्हणजे जाऊबाईंचा आक्षेप ज्या गोळीला खरोखर लागू पडेल, ती हीच.