‘आई, खऱ्यात घर नेमकं कुठून पडतं?’

चिपळूणहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा अकरावी सायन्सला आहे. फोनवर शहर वसवायचा गेम खेळतो, स्वतःच उभारलेल्या शहरावर भूकंप सोडतो आणि इमारती पडताना बघत बसतो. बारावीनंतर गेम डिझाइनचा वर्षभराचा कोर्स करायचा म्हणतो. परवा त्यानं विचारलं, “आई, गेममध्ये सगळं एकदम हलतं नि बिल्डिंगचा भुगा होतो. खऱ्यात घर नेमकं कुठून पडतं?” आई लिहितात, “अभ्यासाच्या नावानं बोंब आणि हे असले प्रश्न! काय करू?”

ताई, आधी त्या प्रश्नाला उत्तर द्या. फार चांगला प्रश्न आहे तो.

तुमच्या गावात भूकंप नवा नाही. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेला 6.3 रिश्टरचा धक्का बसला, तेव्हाच्या आठवणी सांगणारी माणसं तुमच्या आळीतही असतील. मुलाला त्यांच्याकडे पाठवा. पुष्कळदा जाणकार सांगतात की आधी एक दणका येतो आणि मग घर डोलायला लागतं. त्या दोन वेगळ्या लाटा. जमिनीतून पहिली सेकंदाला साधारण 6 किलोमीटर वेगानं धावते, दुसरी साडेतीन. मधले सेकंद मोजून त्यांना 8नं गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते अंदाजे कळतं. चिपळूण ते कोयनानगर सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, म्हणजे मध्ये साडेतीन-चार सेकंद. हा 8 कुठून आला, ते त्याला वहीवर काढायला सांगा. वेग, अंतर, काळ एवढंच गणित आहे. गेममध्ये हे अंतर नसतं, म्हणून तिथे सगळं एकदम हलतं.

आता घराचं. 30 सप्टेंबर 1993ला किल्लारीचा भूकंप कोयनेच्याच आसपासच्या ताकदीचा होता, पण जवळपास दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड, एकमेकींत न गुंतलेल्या भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि आत झोपलेली माणसं. अशा घराचे कोपरे आधी उघडतात, भिंत बाहेर कलंडते, मग छप्पर खाली येतं. घरी चिऱ्याच्या भिंती असतील तर मुलाला घराभोवती एक फेरी मारू द्या. खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरलाय, की प्रत्येक खिडकीपुरताच तुकडा टाकलाय? सलग पट्टा चारही भिंती एकत्र बांधून ठेवतो. हे बघताना तो रमला, तर त्याचा ओढा कुठे आहे ते तुम्हाला कळेल.

वर्षभराच्या कोर्सला मात्र आत्ता पैसे भरू नका, हे मी ठामपणे सांगते. इमारत खरी वाटेल अशी पाडणारा प्रोग्रॅम लिहायला आणि ती पडू नये म्हणून डिझाइन करायला गणित आणि भौतिकशास्त्र एकच लागतं. म्हणून बारावीपर्यंत गणित सुटता कामा नये. घरांकडे ओढा असेल तर जेईई किंवा सीईटी देऊन सिव्हिल. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ तर कोकणातच आहे. पुढे गेट ही परीक्षा देऊन आयआयटी रुरकीला जाता येतं, तिथे भूकंप अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. जमिनीच्या पोटात काय चाललंय याची ओढ असेल तर बीएस्सी, मग जॅम परीक्षा देऊन भूभौतिकशास्त्र. कोयनेच्या खडकात खोल बोअर घेऊन अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा घाट चढून गेलात की कऱ्हाडला आहे. आणि गेमच करायचे असतील तर कॉम्प्युटरची पदवी घेऊन करू दे. प्रोग्रॅमिंग शिकायला आजपासूनही हरकत नाही.

त्यानं 8चं गणित सोडवलं की वहीच्या पानाचा फोटो मला पाठवा. आणि पुढचा धक्का जाणवला तर आधी टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं. सेकंद तिथूनही मोजता येतात.